न धुतलेलं नाणं

दिग्रसला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या जमीरभाईंना युरोपातल्या जुन्या चांदीच्या नाण्यांचं भारी वेड, आणि त्या वेडाचा नियम एकच: नाणं धुवायचं नाही. कोणी चिंच लावून, राखेनं घासून चकचकीत नाणं आणलं की त्यांचा पारा चढायचा. "चारशे वर्षांचा रंग घालवला ना बे! मळासकट आनत जा," असं ते भर बाजारात ओरडायचे.

त्यांना सगळ्यात जास्त हवं असलेलं नाणं मात्र तानाबाईच्या गळ्यात होतं. हॉलंडचं, सिंहाचं, सोळाशे अठ्ठेचाळीस सालचं. म्हातारी ते काळ्या गोफात ओवून घालायची. जमीरभाई तीनदा तिच्या शेतावर गेले आणि तीनदा तिनं हसत तेच सांगितलं, "जमीरभाऊ, मी मेल्यावरच निघन हे." तिसऱ्या वेळी तिचा पुतण्या नितेश जवळच उभा होता. निघताना जमीरभाईंनी त्याच्या कानात आकडा सांगितला.

आज भरदुपारी नितेशनं दुकानात येऊन कागदाची पुडी काचेवर ठेवली. बाहेर त्याची मोटरसायकल चालूच होती.

"तुई काकू कशी काय तयार झाली रे?"

"झाली," नितेश म्हणाला.

जमीरभाईंनी डोळ्याला भिंग लावलं. सिंह तोच होता. कडीत गोफाचा तुटका तुकडा अडकला होता, आणि आयाळीच्या बारीक रेघांमध्ये काळपट लाल असं काहीतरी साचलं होतं. ते अजून ओलं होतं.

"धुतलं नाही चाचा," नितेश म्हणाला. "तुमीच सांगतलं व्हतं ना."