हा खर्च माझा नाही

ईमेल आली तेव्हा विभा तनाका नागोयातल्या एका दवाखान्याबाहेर सायकलला कुलूप लावत होती. ग्राहकांच्या कार्डावरून तिची फी जमा करून देणाऱ्या कंपनीचा निरोप होता. कार्डधारकाने 'हा खर्च माझा नाही' असं बँकेला कळवलंय, त्यामुळे छत्तीस हजार येन तुमच्या खात्यातून तूर्त काढून घेतलेत, पुरावे असतील तर दहा दिवसांत पाठवा. शिवाय तक्रार हाताळण्याची फी वेगळी कापली होती.

विभा मूळची पुण्याची. जपानी माणसाशी लग्न करून नागोयात आली, त्याला आता अठरा वर्षं झाली होती. २०११च्या भूकंपानंतर ओळखीतल्या भारतीय कुटुंबांना ती फोनवर जपानी बातम्या मराठीत सांगायची. त्यातून पुढे हॉस्पिटलमधल्या दुभाष्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि एकटीनेच काम सुरू केलं. कार्डाच्या बिलावर तिच्या कामाचं नाव नुसतं 'टी सपोर्ट' असं येई. बिल घरात कुणीही वाचतं, त्यावरून कुणाचं दुखणं उघड होऊ नये म्हणून तिने मुद्दामच तसं ठेवलं होतं.

कार्ड सदानंद वर्तक यांचं होतं. या माणसाला विभा कधी भेटलेली नव्हती. भेटली होती ती त्याची बायको पद्मिनी. तिच्या स्तनात गाठ लागली होती. तपासणी, तुकडा काढणं आणि रिपोर्ट अशा तीन भेटींचे पैसे तिने आधीच भरले होते. दोन भेटी झाल्या होत्या. तिसरी येत्या मंगळवारी होती.

"पाठवून दे की पुरावे," विभाचा नवरा ताकेशी म्हणाला. "तिचे मेसेज आहेत, प्रत्येक भेटीचे हॉस्पिटलच्या शिक्क्याचे फॉर्म आहेत. दहा मिनिटांचं काम. अशा आणखी दोन तक्रारी झाल्या तर ती कंपनी तुझं खातंच बंद करेल."

त्याचं बरोबर होतं. पण बँकेकडे गेलेला कागद बँक कार्डधारकाला दाखवू शकते, हे विभाला माहीत होतं. तिने आधी पद्मिनीला फोन लावला.

"पद्मिनीताई, माझ्या फीबद्दल तुमच्या घरून बँकेत तक्रार गेलीय का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"त्यांनी विचारलं होतं मला," पद्मिनी म्हणाली. "हे टी सपोर्ट काय आहे, तू काही मागवलंस का? मी पोळ्या लाटत होते. तोंडातून 'नाही' निघून गेलं. मला वाटलं, विसरतील. त्यांनी तिथूनच बँकेला फोन लावला."

"म्हणजे त्यांना गाठीचं माहीतच नाही?"

"नाही. सासूबाई याच आजाराने गेल्या. तीन वर्षं हॉस्पिटलच्या खेपा यांनीच घातल्या. नुसत्या शंकेवरून पुन्हा त्यांना त्यात ढकलायचं नव्हतं मला. रिपोर्ट आला की सांगणारच होते. विभाताई, तुम्ही काही पाठवू नका ना. घरखर्चातून थोडे थोडे देईन मी."

विभाला राग आला आणि तिने तो लपवला नाही. "तुम्ही नाही म्हणालात आणि चोर मी ठरले."

"हो," पद्मिनी म्हणाली. "खरं आहे."

त्या एका शब्दाने विभाचा राग थोडा उतरला. "मंगळवारी साडेनऊला, खालच्या काउंटरपाशी," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मंगळवारी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. गाठ कॅन्सरची होती. लहान होती, वेळेत सापडली होती, पण ऑपरेशन करावं लागणार होतं. विभाने ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. सांगताना स्वतःचा आवाज एकसारखा ठेवणं तिला त्या दिवशी जड गेलं.

पद्मिनीने पर्सचा बंद हाताला गुंडाळला. "त्यांना विचारा, नवऱ्याला न सांगता होईल का हे?"

विभाने विचारलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "होईल. सही तुमची लागते. पण घरी गेल्यावर तुमच्याकडे कोण बघणार?"

पद्मिनीने रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर ती म्हणाली, "आज सांगितलं की तुमची तक्रारही मिटेल, नाही का?"

"तक्रारीसाठी सांगू नका," विभा म्हणाली. "मी बँकेला काहीही पाठवणार नाहीये. ते पैसे गेले असं मी धरलंय."

हे ठरवलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिला जाणवलं की छत्तीस हजार येन म्हणजे महिन्याच्या कमाईचा चांगलाच मोठा भाग. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

गुरुवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "तनाका-सान? मी सदानंद वर्तक बोलतोय. भेटता येईल का?"

ते स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटले. पन्नाशीला टेकलेला, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनिअर, अंगावर कंपनीचं जॅकेट. त्याने बसण्याआधीच एक पाकीट पुढे केलं.

"तक्रार मागे घेतल्याचं लेखी द्या म्हणाले. बँकेत एक प्रत दिलीय, ही तुमच्यासाठी. बँकेशी फोनवर बोलताना मी तुम्हाला फ्रॉड म्हटलं, एकदा नाही, तीनदा. माफ करा."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?" विभा म्हणाली. "बिलावरच्या नावावरून काही कळण्यासारखं नव्हतंच."

कॉफी आली. त्याने कप बाजूला सरकवला. "पद्मिनीने गाठीचं सांगितलं मला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली?"

"ते मला सांगता येत नाही. आत जे बोललं जातं ते पेशंटचं असतं. त्यांनाच विचारा."

"विचारलं. 'काही नाही' म्हणाली."

"मग पुन्हा विचारा," विभा म्हणाली. तिला एवढंच सांगता येण्यासारखं होतं.

त्याचं पत्र आणि पैशांची पावती, एवढंच तिने कंपनीला पाठवलं. आजाराचा एकही कागद जोडला नाही. सात आठवड्यांनी छत्तीस हजार परत जमा झाले. तक्रारीची फी परत मिळत नाही, ती गेली ती गेलीच. त्यानंतर मात्र पैसे घेण्याआधी ती प्रत्येकाला विचारू लागली, कार्ड कुणाचं आहे आणि त्या माणसाला हे ठाऊक आहे का. काहींना तो प्रश्न आवडत नसे. अशा वेळी ती रोख पैसे घ्यायची.

ऑपरेशनच्या दिवशी सदानंदने रजा घेतली होती. कारखान्यातलं जपानी वापरून त्याने नर्सला 'काम कधी पूर्ण होईल' असं विचारलं, तेव्हा ती हसू दाबत विभाकडे वळली. दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती. पुढे पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, किरणांचे उपचार घ्यावे लागतील, असं त्यांनी सांगितलं.

पद्मिनी शुद्धीवर आली तेव्हा विभा सांगायला पुढे झाली. सदानंदने हाताने थांबवलं, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि पाच आठवड्यांसकट सगळं स्वतःच सांगितलं.

"म्हणजे दिवाळीला भारतात जाणं राहिलं," पद्मिनी म्हणाली.

"राहू दे. दुखतंय का?"

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

तो नर्सला बोलवायला उठला. विभाने फॉर्मवर वेळ लिहिली आणि शिक्का घ्यायला काउंटरकडे गेली.