उभा कोन

मी बोलतोय, फळ्याशेजारच्या खिळ्याला लटकलेला लाकडी गुण्या. मला डोळे नाहीत, पण एक कोपरा आहे, काटकोनाचा. तो मी कधी चुकवला नाही.

सुताराने मला सागवानाच्या तुकड्यातून कापलं, पाठीला मूठ बसवली आणि मी या वर्गात आलो. इथे पोरांनी माझी तलवार केली, पंखा केला, एकदा तर क्रिकेटची बॅट केली! माणसांना सरळ वस्तू सरळपणे वापरवत नाही.

मग गणिताचे तरुण सर आले. पोरं त्यांना 'कोनमास्तर' म्हणत. माझा कोपरा दाखवून ते सांगायचे, "याला अरबीत उभा कोन म्हणतात, लॅटिनमध्ये सरळ, हिंदीत सम, इंग्रजीत बरोबर."

"मग बाकीचे कोन काय चूक, सर?" मागच्या बाकावरून आवाज आला. सगळे हसले, सर सगळ्यांत जास्त.

त्या वर्षी एक मुलगी आली. दूरच्या मुलखातली, बाप गिलावा करणारा. वर्ग तिला 'नवी' म्हणायचा. इथली लिपी तिला येत नव्हती, पण मला हातात घेतलं की तिची रेघ थरथरत नसे. तिच्या भाषेतही हा 'उभा कोन'च होता. काटकोन हा शब्द ती शिकली होती, तरी सर म्हणाले, "तुझा शब्द सोडू नकोस, पोरी. तोही बरोबरच आहे."

नव्या मुलांची इयत्ता तोंडी परीक्षेवर ठरायची. तपासनीस बाईंनी माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा कोणता कोन?"

नवीने सरांकडे पाहिलं. सरांनी होकाराची मान हलवली.

"उभा कोन."

"असा कोन नसतो, बाळ." बाईंनी मला तिरका केला. "आता कुठे उभा आहे?"

नवीने मला तसाच तिरका फळ्यावर टेकवला, दोन्ही कडांनी रेघा ओढल्या आणि म्हणाली, "पडला तरी उभाच."

मला वाटलं, जिंकली!

"ही तोंडी परीक्षा आहे, चित्रकला नाही," बाई म्हणाल्या. "तिसरीत बसवा."

"बाई, अहो, अरबीत याला..."

"तुम्ही इथे अरबी शिकवता?"

सरांनी मला परत खिळ्याला लटकवलं. पोरगी सातवीच्या वयाची. तिसरीच्या बाकात तिचे गुडघे मावेनात, आणि बारकी पोरं तिला 'आजी' म्हणू लागली. थोड्याच दिवसांत बाप तिचं दप्तर न्यायला आला. "कामावर चार पाट्या उचलेल," म्हणाला. "इथे बसून लहानच होत चाललीय ती."

सर दारापर्यंत गेले. तोंड उघडलं, पण आमच्या कोनमास्तरांना कुठल्याच भाषेतला शब्द सापडला नाही.

आता सर फळ्यावर हातानेच रेघा मारतात. मुलांना पुस्तकातला एकच शब्द घोकायला लावतात. कुणी घरचा शब्द उच्चारला तर म्हणतात, "तो घरी ठेव." हे ऐकून माझं लाकूड आतून तडकतं.

एवढंच मागतो. परक्या मुलखातलं लेकरू आलं, तर त्याला आधी कोन काढू द्या, नाव सांगायला मग सांगा. मागतोय खरा, पण मला या खिळ्यावरून उतरवणारं आता कुणी उरलेलं नाही.