पुढे देण्याआधी

मी ओपनर बोलतोय. बाटलीचं झाकण काढणारा, साधा, लोखंडी. एरवी दुसऱ्यांना बोलू देणं हे माझं काम, पण आज मला राहवत नाही.

वेल्डरताईने कामातून उरलेल्या पट्टीतून मला घडवलं आणि या बारमध्ये आणलं. इथे मालक शोधायला याल तर पंचाईत होईल, कारण सगळेच मालक. बाईवर जीव जडलेल्या बाया, पुरुषावर जीव जडलेले पुरुष, आणि 'तुम्ही बाई की पुरुष?' असं विचारलं की 'आधी सोडा द्या' म्हणणारेही. फरशी पुसायची पाळी मात्र कुणालाच चुकत नाही.

बैठक दुपारी, बार उघडण्याआधी. तेव्हा मी हातोहात फिरतो. मी ज्याच्या हातात, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलायचं नसेल तर मला पुढे द्यायचं, म्हणजे हरकत नाही असं धरायचं. नियम आमच्यातल्या वकीलबाईंचा. "इथे कुणाचं तोंड दाबलं जाणार नाही," त्या अभिमानाने सांगत. मला माणसांचं भारी कुतूहल. खुर्च्यांच्या रंगावरून तावातावाने भांडतात आणि लगेच एकमेकांच्या डब्यात हात घालतात.

एकदा विषय निघाला, बाहेरच्या भिंतीवर आपल्या सगळ्यांचे चेहरे रंगवायचे. किती दिवस लपून राहायचं? फिरत फिरत मी ग्लास धुणाऱ्या मुलीकडे आलो. तिने मला घट्ट धरलं आणि काही न बोलता पुढे दिलं. कुणाचीच हरकत नाही, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कळेना, चांगलं बोलता येणारं माणूस गप्प का बसतं?

पेंटर रोज एकेक चेहरा काढू लागला. मुलीला बोलावलं की तिला नेमके ग्लास आठवत. धुतलेलेच पुन्हा धुवायची. वेल्डरताई हे बघत होती.

पुढच्या बैठकीत मुलीने मला शेजारी बसलेल्या वेल्डरताईपुढे धरलं. ताईने हात खिशात घातले. "मी घेत नाही. तू बोल, नाहीतर बसू आपण अशाच."

मुलीने मला परत जवळ घेतलं. मग मुलगी म्हणाली, "घरी माहीत नाही. आईला वाटतं, मी कँटीनमध्ये आहे. तिने मला भिंतीवर पाहिलं तर मला घराचं दार बंद होईल. आणि तिचं सगळं मीच करते."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "अगं, तू पुढे देत गेलीस आणि आम्ही होकार समजत गेलो. चुकलंच आमचं."

आता नुसतं पुढे देणं चालत नाही, हो किंवा नाही म्हणावंच लागतं. बैठका लांबतात, माझी कड झिजत चाललीय. परवा तर त्या मुलीने गाण्यांच्या आवाजावरून मला इतका वेळ धरून ठेवलं की वकीलबाई जांभया देऊ लागल्या. मला फार बरं वाटलं.

भिंतीवर तिचा चेहरा नाही. आईला सांगायचं का, कधी, ते तीच ठरवेल. तुम्ही आलात तर बसा, थंड काहीतरी घ्या. फक्त तिचं नाव विचारू नका. मीही सांगितलेलं नाही.