दुसरी गिटार आणि तिसरी स्प्रिंग

दातांच्या डॉक्टरांनी दुसरी गिटार घेतली ती पहिलीसारखीच, टोमॅटोसारखी लालभडक. त्यामागे मोठं डोकं लढवलं होतं. चौदा वर्षं रोज संध्याकाळी तेच एक गाणं ऐकून कावलेल्या बायकोनं बजावलं होतं, दुसरी गिटार आणलीत तर दोन्ही विकेन. मग एका वेळी एकच दिसली म्हणजे झालं. दुसरी बसेल कपाटामागे.

आतून मात्र दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. पहिलीचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती पट्टी, लाकडात घट्ट आवळलेला. जागचा हलायचं नाव नाही. दुसरीचा अधांतरी. पुढून सहा तारा ओढतात, पाठीमागून तीन स्प्रिंगा ओढतात आणि या रस्सीखेचीत तो मधोमध तरंगतो. त्याला लावलेली दांडी दाबली की सूर झोकांड्या खातो, सोडली की शहाण्यासारखा जागेवर. दुकानदारानं एकदा दाबून दाखवली आणि डॉक्टर विरघळले. तोल तेवढा सांभाळा, असंही तो म्हणाला होता, पण ऐकतंय कोण.

दुसऱ्याच दिवशी बायको कामाला गेल्यावर डॉक्टरांनी गिटार काढली, तर ब्रिज दाढ दाखवायला आलेल्या पेशंटसारखा आ वासून बसलेला. तारा ढिल्या. त्यांनी जाड तार पिळली, बाकीच्या पाच उतरल्या. त्या पाच पिळल्या, जाड उतरली आणि ब्रिजनं आणखी मोठा आ केला. असे चार दिवस. लोकांच्या हिरड्यांत खोल शिरणाऱ्या माणसाला गिटारीची पाठ उघडून बघावी, हे काही सुचलं नाही.

पंचाईत अशी की गावात स्प्रिंगांतलं कळणारं माणूस एकच, त्यांची बायको. तिचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं.

शेवटी चादरीत गुंडाळून डॉक्टर गिटार तिथेच घेऊन गेले. पेशंटची आहे म्हणाले. बिचाऱ्याची दाढ काढली, म्हटलं तेवढीच मदत. बायकोनं पेशंटचं वय विचारलं, धंदा विचारला, दाढ कुठली तेही दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती वरची होती, दुसऱ्यांदा खालची झाली.

मग तिनं गिटार पालथी घालून पाठीमागचं झाकण उघडलं. आत स्प्रिंगा दोनच. तिनं टेबलावरचा भाजीवाल्याचा काटा खोलला आणि त्याच्या पोटातून तिसरी काढली.

“कपाटामागे झाडताना ही गिटार सापडली,” ती म्हणाली. “पेशंटची आहे हे माहीत असतं, तर त्यांना विचारून स्प्रिंग काढली असती.”

तिनं स्प्रिंग बसवली, तारा लावल्या, दांडी दाबून सोडली. सूर जागेवर.

“लोकांची वस्तू घरात नको, अहो. दवाखान्यातच ठेवा.”

एवढ्यावर सुटलो, विकली तर नाही, म्हणून डॉक्टर शीळ घालत दवाखान्यात गेले, खिळा ठोकून गिटार टांगली आणि संध्याकाळी घरी आले. हॉलमधला खिळा रिकामा होता.

“अगं, माझी कुठाय?”

“आत्ताच रिक्षानं दवाखान्यात पाठवली. त्या पेशंटच्या गिटारीला एकटीला करमायचं नाही.”

आता घरात संध्याकाळी पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. दवाखान्यात दोन लाल गिटारी शेजारीशेजारी लटकतात. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला, की डॉक्टर आधी घट्ट ब्रिजवर ते गाणं वाजवतात, मग तरंगत्यावर, आणि फरक कळला का विचारतात.

अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.