रोज नवी रेघ

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो, आणि मी एका माणसाचे पाय चिरडले आहेत. आधी हे ऐका, मग बाकीचं.

मला भट्टीत लालबुंद केलं, घणाखाली बडवलं आणि ओतशाळेच्या क्रेनसाठी आणलं. पहिल्याच दिवशी लोहाराने मला तपासणीच्या तुळईला टांगलं आणि माझं टोक आलं तिथे भिंतीवर छिन्नीने खूण कोरली. तीन टन भाराला मी हिशेबाप्रमाणे चार मिलिमीटर ताणली जायची. भार उतरला की मुकाट परत खुणेवर.

वर्षं गेली, खूण काजळीखाली गेली. मुकादम रोज सकाळी मला त्याच तुळईला टांगून माझ्या टोकाशी खडूची रेघ मारायचा, भार लावून ताण मोजायचा. चार. मग रेघ पुसायचा. दुसऱ्या दिवशी मी केसभर खाली, त्याची नवी रेघही केसभर खाली. पुन्हा चार. शाबासकीची थाप मारायचा मला, मूर्ख.

एक दिवस नवी तपासनीस आली. सगळे तिला ताई म्हणत.

"कालची रेघ कुठाय, मुकादम?"

"पुसली. आम्ही शिळं ठेवत नाही, ताई."

ताईने फडक्याने भिंत घासली. खूण निघाली. बिनभाराची मी तिच्याखाली चार बोटं लोंबत होते.

"ही मेलीय. उतरवा."

"गणित तर चारच येतंय ना?"

"गणित बरोबर आहे. तुमचं शून्य खोटं आहे."

ती साहेबाकडे लेखी द्यायला गेली. तेवढ्यात मुकादमाने मला क्रेनला चढवलं. खाली त्याचा धाकटा भाऊ माझ्यावर उचललेला साचा सरळ करत होता.

"दादा, कुरकुरतेय ही."

"तुझ्यासारखीच. कामाच्या वेळीच कुरकुरते."

माझी कडी फाटली. मी चाबकासारखी फिरले, मुकादमाचा जबडा फोडला. तीन टनांचा साचा धाकट्याच्या मांड्यांवर बसला. हाडांचा चुरा होताना मी ऐकला.

आता मी त्याच खुणेशेजारी खिळ्याला आहे. समोर चाकाच्या खुर्चीत बसून धाकटा नव्या साखळीची नोंद ठेवतो. वाकड्या जबड्याच्या मुकादमाने आकडा सांगितला, की तो विचारतो, "पहिल्या खुणेपासून मोजलंस ना, दादा?" मुकादम मान खाली घालून पुन्हा मोजतो.

मित्रांनो, ज्याच्यावर भार टाकता त्याची पहिली खूण पुसू नका. माझी कीव नको. मला वितळवून उद्या पुन्हा साखळी करतील. त्याच्या पायांचं काय करतील?