सालोमीचा पांढरा, आलोशियसचा काळा

गास गावचे आलोशियस डाबरे शहात्तर वर्षांचे. एका मित्राच्या पहिल्या पुण्यतिथीची चर्चमधली मिस्सा आटोपून ते घरी आले ते ठरवूनच, की आपल्या कबरीचा दगड आपण जिवंतपणी निवडायचा. मित्राच्या मुलांनी दगडावर बापाचं नाव चुकीचं कोरून ठेवलं होतं आणि वर्षभर ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दगड दोघांत एक, यावर नवरा-बायकोचं एकमत झालं. कोणता, यावर बिनसलं. आलोशियसना काळाच हवा होता. आपली विहीर ज्यात खणली तोच आपल्यावर असावा, असं त्यांचं म्हणणं. सालोमीबाईंना पांढरा संगमरवर हवा होता, त्यांच्या आईच्या कबरीला होता तसा.

सून मनाली शाळेत विज्ञान शिकवायची. तिने जेवताना समजावलं, की काळा दगड अग्निजन्य, म्हणजे जमिनीच्या पोटातला तप्त रस वर येऊन थिजला त्याचा. संगमरवर रूपांतरित, म्हणजे मुळात तो चुनखडक, पण खोल गाडला गेला, भाजला, दाबला गेला आणि निराळाच दगड होऊन बाहेर आला. भांडण्यापेक्षा दोन्ही पारखून बघा, असंही ती म्हणाली. हे तिने म्हणायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी आलोशियस नथूकडे गेले. नथू दगडावर अक्षरं कोरायचा. त्याच्याकडून त्यांनी हातभर लांबीचे दोन तुकडे आणले, नमुना म्हणून काळ्यावर ‘आलोशियस’ आणि पांढऱ्यावर ‘सालोमी’ कोरून.

मग परीक्षा सुरू झाल्या. आलोशियसनी सुरीचं टोक ओढलं. संगमरवरावर रेघ उठली, काळ्यावर सुरीचंच लोखंड लागलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातला सिरका आणून दोन्हींवर थेंब थेंब टाकला. काळा ढिम्म. पांढऱ्यावर मात्र बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर तेवढ्या जागेची चकाकी गेलेली.

“तुझा दगड विरघळतो,” आलोशियस म्हणाले.

“मला सिरक्यात नाही पुरणार,” सालोमीबाई म्हणाल्या.

मे महिन्यात सालोमीबाईंची पाळी आली. भर दुपारी त्यांनी नवऱ्याला दोन्ही तुकड्यांवर तळहात ठेवायला लावला. पांढऱ्यावर तो राहिला. काळ्यावरून आलोशियसनी तो असा उचलला, की घरात जाऊन माठाला लावून बसले. शेवटी मनाली म्हणाली, एक पावसाळा जाऊ द्या, शेवाळ कुणावर किती धरतं ते बघू. म्हणून दोन्ही तुकडे फाटकाजवळ, मोगऱ्याच्या आळ्यात उभे रोवले. पांढऱ्यावरची अक्षरं काळ्या रंगाने भरलेली होती, ती रस्त्यावरून वाचता यायची. काळ्यावरची जवळ जाऊन, वाकूनच दिसायची.

ऑगस्टमध्ये एका सकाळी सालोमीबाई बहिणीकडे निर्मळला गेल्या. आलोशियस मोगऱ्याची पिवळी पानं काढत होते, तेव्हा ॲल्रॉय स्कूटरवरून आला. शेजारच्यांचा हा पुतण्या कालच दुबईहून सुट्टीवर आला होता. फाटकाशी तो थांबला, पांढऱ्या दगडाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “काकी?”

“गेली. सकाळीच,” आलोशियस म्हणाले.

ॲल्रॉयने त्यांचा हात दाबला आणि स्कूटर वळवून निघून गेला. पोरगा परदेशात जाऊन हळवा झाला, असं आलोशियसना वाटलं.

तासाभरात माणसं येऊ लागली. आधी शेजारणी चहाचं पातेलं घेऊन आल्या; बायको घरी नाही म्हणून, असं आलोशियसना वाटलं. मग आळीतले चार-पाच म्हातारे येऊन बसले. आता तुमचं कसं होणार, असं एकाने विचारलं. संध्याकाळपर्यंत काढीन कसंतरी, असं आलोशियस म्हणाले, तेव्हा एका बाईने डोळ्याला पदर लावला. मनाली शाळेत होती. खरं काय ते सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

उलगडा केला तो कमळीने. ही खाडीकडची बाई वीस वर्षं त्यांच्या दारी भाजी आणायची. तिने टोपली उतरवली आणि खालीच बसली. “माझ्या घरात पानी शिरलं तवा बियान्याची चार पोती तिनंच तुमच्या माळ्यावर ठेवली. तुमाला सांगितलं नाय. जुने कपडे हायत म्हनाली,” ती बोलली. “आता असं मानूस नाय मिलायचं.”

आलोशियसना ती पोती आठवली. त्या वर्षी घरात उंदीर झाले म्हणून त्यांनी बायकोला महिनाभर बोलून घेतलं होतं, आणि तिने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. मग त्यांना कमळीचं शेवटचं वाक्य कळलं. त्यांनी जमलेल्या तोंडांकडे बघितलं आणि ही सगळी कशाला आली आहेत ते त्यांच्या ध्यानात आलं. ती निर्मळला आहे हे ठाऊक असूनही त्यांनी आधी घड्याळाकडे, मग फाटकाकडे बघितलं. मग सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. सालोमीबाईंनी अंगणातल्या चपलांचा ढीग बघितला आणि हातातली पिशवी तिथेच टाकून धावत आत आल्या. नवरा खुर्चीत बसलेला, हातात कप.

“मग गेलं कोण?” त्यांनी विचारलं.

पुढचा अर्धा तास कोण कुणावर हसत होतं ते सांगता येणार नाही. कमळीने मात्र आधी सालोमीबाईंचा दंड चिमटून खात्री करून घेतली. ॲल्रॉयला बोलावून आणलं, तर तो दारातून आत येईना.

सगळे गेल्यावर आलोशियस म्हणाले, की मी विचार केला, तुझा संगमरवरच घेऊ. सालोमीबाई पिशवीतली फुटलेली अंडी निवडत होत्या.

“नको. काळाच घ्या,” त्या म्हणाल्या. “माझं नाव वाचायचं असेल त्याने जवळ येऊन, वाकून वाचावं. येणारा-जाणारा स्कूटरवरून वाचतो, ते मला नको.”

आपण जिंकलो, हे आलोशियसना फारसं आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नथूकडे गेले, काळी शिळा निवडली आणि नावं कागदावर दोनदा लिहून दिली. वर कुणाचं कोरू, असं नथूने विचारलं. तिचं, असं ते म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, की कोरायला सावकाश किती वर्षं लावता येतील.