चांदीची डबी आणि मी जळकुकडा

मित्रांनो, दंडाला पट्टा गुंडाळून आणि रबरी फुगा दाबून रक्तदाब मोजतात ना, ते जुने यंत्र म्हणजे मी. माझ्या तबकडीवरचा काटा वर चढतो, हळूहळू उतरतो आणि माणसाच्या आत काय चालले आहे ते सांगतो. माझ्या आत काय चालते, ते मात्र कोणी कधी मोजले नाही. म्हणून आज मीच सांगतो. माझ्या आत नुसता जळफळाट असतो.

कारखान्यात एका बाईने माझा काटा शून्यावर आणला, काच पुसली आणि "छान बसला हा," असे म्हणून मला पेटीत ठेवले. तेवढ्या शाबासकीवर मी जगात आलो. पुढे एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना मिळाला. काम भरपूर होते, पण स्टेथोस्कोप डॉक्टरांच्या गळ्यात मिरवायचा आणि मी टेबलावर पडून असायचो. लहान मुले त्याला हात लावायला धडपडत. माझा पट्टा दिसला की हात पाठीमागे लपवत. सांगा, मला कसे वाटले असेल?

दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी मला तिथल्या नर्सताईच्या हाती दिले. "तुझ्या आईला बीपी आहे ना? घेऊन जा हे. जुनं आहे, पण खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

ताईचे घर दोन खोल्यांचे. तिथे ती आणि तिची आई, दोघीच राहत. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आईचे शिलाई मशीन होते. आई शाळेचे गणवेश शिवायची. त्या मशीनचा थाट काय सांगू! रोज पुसणे, तेल घालणे, काम संपले की वरून फुलाफुलांचे कापड. माझी जागा कपाटात, दोऱ्यांच्या डब्यामागे. रविवारी ताई मला बाहेर काढायची, आईचा रक्तदाब बघायची आणि "छान आहे," म्हणून परत कपाटात ठेवायची.

पण खरा जीव जळायचा तो मोठ्या काकू आल्या की. काकू म्हणजे आईच्या थोरल्या जाऊबाई. त्यांनाही बीपीचा त्रास होता. जेवण झाले की त्या पर्समधून नक्षीची चांदीची डबी काढत, टक्कन उघडत आणि गोळी तोंडात टाकत. सगळ्यांचे डोळे त्या डबीवर! आणि जळणारा मी एकटा नव्हतो बरे का. काकू गेल्या की आई मशीनवर बसून पुटपुटायची, "त्यांचं काय बाई! नवऱ्याचं दुकान आहे. गोळ्यासुद्धा चांदीतून."

पुढे शाळेने तयार गणवेश घ्यायला सुरुवात केली. आईचे काम आटले. ताईचा नव्या नोकरीतला पगार घरभाड्यात जायचा. आईच्या गोळ्या सोनेरी पाकिटातल्या, नावाजलेल्या कंपनीच्या आणि महागड्या. मग आईने कोणाला न सांगता युक्ती काढली. एक दिवस गोळी घ्यायची, एक दिवस नाही. रविवार जवळ आला की मात्र न चुकता घ्यायची. मी कपाटाच्या फटीतून सगळे पाहत होतो, पण दंडाला बांधल्याशिवाय मला तोंड फुटत नाही. आईचे डोके दुखायचे. कधी ती मशीनवर कपाळ टेकून बसायची. एकदा भोवळ आली आणि सुई बोटात घुसली. ताईने विचारले तर म्हणाली, "काही नाही गं, लक्ष नव्हतं माझं."

एका बुधवारी काकू अचानक आल्या. ताईला सुट्टी होती. "माझं बीपी बघ गं जरा," त्या म्हणाल्या. ताईने मला काढले. काकूंचा रक्तदाब अगदी ठीक निघाला.

"आई, आता तूही बस."

"रविवारी बघू की," आई टाळू लागली. काकूंनी तिला हाताला धरून बसवले.

ताईने मोजले आणि तिचा चेहरा उतरला. तिने पुन्हा फुगा दाबला. पुन्हा तेच.

"आई, खूप वाढलंय!"

"बिघडलंय ते यंत्र! म्हातारं झालंय. दे फेकून."

मित्रांनो, माझ्या काळजात चर्र झाले.

"काकूंचं आत्ता बरोबर दाखवलं. तुझ्याच दंडावर बिघडलं होय? गोळ्या रोज घेतेस ना?"

आता मात्र आईचा बांध फुटला. "नाही घेत! परवडतात का? दिवसाआड घेते. आणि असं बघू नका जाऊबाई. तुम्हाला काय कळणार? तुमच्या गोळ्या चांदीत राहतात!"

काकूंनी पर्समधून ती चांदीची डबी काढली. त्यांनी डबी उघडून आईच्या मांडीवर उपडी केली. आत साध्या कागदाच्या पुडीतल्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

"सरकारी दवाखान्यातल्या आहेत. फुकट मिळतात," काकू म्हणाल्या. "दुकान नुसतं नावाला उरलंय गं. रांगेत कुणी ओळखीचं दिसलं की मी खांबाआड होते. ही डबी तेवढी माहेरची."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझा हेवा वाटायचा. तुझ्या गोळ्या सोनेरी पाकिटातल्या! वाटायचं, ही मला हसेल."

आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याच वेळी हसूही फुटले. काकूही हसू लागल्या. आईने मांडीवरची एक गोळी उचलली, तशी ताईने तिचा हात धरला. "काकूंचं औषध काकूंचं. तुझं वेगळं असेल. आधी डॉक्टरांना विचारू."

दुसऱ्या दिवशी तिघी आईच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. माझा काटा ताडून पाहायला ताईने मलाही पिशवीतून नेले. तो त्यांच्या यंत्राशी तंतोतंत जुळला! पण ते यंत्र चाकांच्या उंच स्टँडवर दिमाखात उभे होते. त्याला पाहून मी पुन्हा जळालोच.

"परवडत नाही हे आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "हेच औषध दुसऱ्या कंपनीचं, कितीतरी स्वस्त मिळतं. सरकारी दवाखान्यातही मिळेल, चिठ्ठी देते. पण आता एकही गोळी चुकवायची नाही."

आता दोघी जावा औषधाच्या रांगेला बरोबर जातात आणि गप्पांच्या नादात आपला नंबरही विसरतात. आईचा काटा हळूहळू खाली येतो आहे.

मित्रांनो, माझी काच पुसा, माझा पट्टा नीट घडी करून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात कोणी रोजची गोळी घेत असेल, तर "घेतलीस का?" एवढेच विचारून थांबू नका. जरा जवळ बसा आणि विचारा, "परवडते का?"